बोंब कुणाच्या नावानं

ठमी : बसायला नाय आले मी, मावशी. पाणीपन नको. यांना आदी हा कागद वाचू दे. मोठ्यानं वाचू दे.

नागोराव : त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. मीच सांगून लिहून घेतलाय ठेकेदाराकडून. ठमे, आज शुक्रवार, कंपनीला सुट्टी. आठवड्यात एक दिवस माणूस घरी असतो. कंपनीचं भांडण घरी आणायचं न्हाई. जिव्याला उद्या सकाळी गेटवर पाठव, तिथं बोलतो मी त्याच्याशी.

रखमाबाई : अहो, बाई उन्हाची आलीय. दारात उभी करून कसलं बोलायलात? ठमे, आत ये. उमरोळीहून चालत आलीस का काय?

ठमी : बेटेगावच्या नाक्यापर्यंत रिक्षा, मंग चालत. आणि गेटवर कसा येल तो, साहेब? गेटपास तुमी काढून घेतला त्याचा. होळी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी. अकरा वरसं तुमच्या हाताखाली केमिकलचे ड्रम लोटले त्यानं, तापात खाडा नाय केला. आज पाच दिवस घरात भिंतीकडं तोंड करून बसलाय.

नागोराव : मग सही करायला सांग त्याला. एका सहीत मिटतंय.

ठमी : तुमी नाय वाचत तर मी वाचते. सातवी शिकलेय. मावशी, ऐका तुमी. ‘मी’, पुढं त्याचं नाव, ‘राहणार उमरोळी, ठेका कामगार, लिहून देतो की, होळीच्या दिवशी दारूच्या नशेत मी माझे वरिष्ठ श्री. नागोराव यांना अश्लील शिवीगाळ केली. मी अशिक्षित व मागास असून मला सभ्य भाषेचे ज्ञान नाही. याबद्दल मी क्षमा मागतो. पुन्हा असे घडल्यास मला कामावरून कमी करावे, माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’ खाली सहीची रेघ. उद्या दहाच्या आत सही नाय झाली तर ठेकेदार त्याच्या जागी दुसरा घेनार.

रखमाबाई : मागास? हे तुम्ही लिहायला लावलं?

नागोराव : कागदाची भाषा असते ती. कागदावर काय, प्रेमपत्र लिहितात?

ठमी : त्यानं पेन घेतला होता हातात. मी कागद वडून घेतला. तो करल सही, साहेब. तुमाला भाऊ म्हणतो ना. भाऊला राग आला म्हणजे आपलीच चूक असल, म्हणतो. पाच दिवस माझं डोकं फिरलंय ते पयलं त्याच्यावर, मंग तुमच्यावर. काम गेलं तर आमी वीटभट्टीवर जानार, भिवंडीकडं. दुसरं काय हाय आमाला? डोंगराकडंची ती जमीन पावसाचे चार महिने पोट भरते. आमची पोरगी जिवली आठवीत हाय. भट्टीवर गेली का तिची शाळा संपली. हे सगळं कळतंय मला. तरी मी कागद वडून घेतला.

नागोराव : मग रडायचं कशाला? माझ्या दारात येऊन माझ्यावरच डोळे वटारायलीस. मला काय म्हणाला तो, माहीत आहे का तुला?

ठमी : मी तिथंच व्हते. पानगी वाढत व्हते तुमाला.

रखमाबाई : मला कुणीच काय सांगितलं न्हाई. आठवडा झाला, घरात नुसतं तोंड फुगवून हिंडायलेत. जेवताना विचारलं तर ताटावरून उठले. शेजारच्या सूनबाईनं मला विचारलं, काकी, काकांचा व्हिडिओ बघितला का. म्हटलं, कसला गं बाई व्हिडिओ.

नागोराव : तुला काय करायचंय त्याच्याशी?

रखमाबाई : माझ्या नवऱ्याचा व्हिडिओ साऱ्या बोईसरनं बघितला, मी तेवढी बघायची न्हाई. सांग गं ठमे.

ठमी : सांगते. दर होळीला आमी यांना बोलावतो. दर वरसाला येतो येतो म्हणतात, येत नाय. या वरसाला आले. त्यांच्या खात्यातला तो नवीन पोऱ्या, जितेश, त्याला बी मोटारसायकलवर मागं बसवून आनला. आमी कोंबडा कापला. अंधार पडला तशी होळी पेटली. होळी पेटली का आमच्याकडं बोंब मारतात, मावशी, नाव घेऊन. पयलं नाव पाड्याच्या कारभाऱ्याचं. मंग म्हाताऱ्यांचं. माज्या सासऱ्याला जाऊन सहा वरसं झाली, त्याचं नाव अजून घेतात, अशी शिवी देतात का माझी सासू पदर तोंडावर घेऊन हसते आणि रडते. ज्याच्या नावानं बोंब मारली त्याच्या अंगावरचं वाईट त्या आगीत गेलं, असं म्हातारे सांगतात. एकादं नाव ऱ्हायलं तर तो माणूस रुसतो. दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, मी काय मेलो का म्हणून. तर सगळ्यांची नावं झाली. मंग जिवलीचा बाप पुढं गेला, हात तोंडाशी नेला आणि यांचं नाव घेतलं. पाड्याबाहेरच्या माणसाचं नाव आमच्या होळीत कदी कोनी घेतलं नव्हतं. कारभाऱ्याला विचारून घेतलं त्यानं.

रखमाबाई : काय म्हणाला?

नागोराव : बस झालं.

ठमी : म्हणाला, ‘नागोराव भाड्या रे भाड्या, साहेबाच्या खुर्चीखालचं कुत्रं रे कुत्रं, बायको रागावली का कंपनीत झोपतो रे झोपतो.’ आणि सगळ्यांनी बोंब ठोकली.

रखमाबाई : शेवटचं तर खरंच आहे.

नागोराव : तुला हसू यायलंय?

रखमाबाई : मग काय करू? गेल्या दिवाळीत दोन रात्री कंपनीत झोपलात, म्हणालात काम होतं.

ठमी : हे बी हसले, मावशी. पोट धरून हसले. वर स्वतः उठले, तोंडाशी हात नेला आणि वरडले, ‘जिव्या भाड्या, डबल पाळी लावली का पोट दुखतं रे दुखतं.’ माझी सासू म्हणाली, हा मानूस आपल्यातला दिसतो. नंतर जिवलीच्या बापाच्या खांद्यावर हात टाकून दोगं एका पानात जेवले. बोला साहेब, खोटं बोलत असले तर सांगा.

नागोराव : खोटं कुठं म्हणालो मी? तिथं हसलो. तिथली गोष्ट वेगळी होती.

ठमी : हां. तेच सांगायला मी ऊन डोक्यावर घेऊन आले. तिथली गोष्ट येगळी व्हती.

नागोराव : पण ती तिथं राहिली का? तू मला शिकवू नको, ठमे. आमच्या गावाकडं बी होळीला बोंबलतात, मी काय आभाळातून पडलो न्हाई. पण ती गोष्ट पाड्यावर होती. त्या जितेशनं ते मोबाइलवर घेतलं आणि रात्रीतून पाळीच्या ग्रुपवर टाकलं. माझं वरडणं त्यात न्हाई, हसणं न्हाई, एका पानात जेवणं न्हाई. नुसता जिव्या आणि त्याचं तोंड. साहेबाच्या खुर्चीखालचं कुत्रं. दीडशे माणसं त्या ग्रुपात. सकाळी मी कँटीनमध्ये ताट घेऊन निघालो तर मागून कुणीतरी भुंकलं.

रखमाबाई : काय म्हणता?

नागोराव : भुंकलं. कुत्र्यासारखं. आणि सगळी टेबलं हसली. अठ्ठावीस वर्षं झाली मला या कंपनीत. नांदेडहून एक पिशवी घेऊन आलो तेव्हा मी बी हेल्पर होतो, मी बी ड्रम लोटलेत. एकेक पायरी चढून सुपरवायझर झालो. आणि मोठ्या साहेबानं केबिनमध्ये बोलावून तो व्हिडिओ लावला माझ्यासमोर, विचारलं, नागोराव, हे तुमच्याबद्दल आहे का? मी उभा होतो. खुर्ची समोर होती. बस म्हणाले न्हाईत. काय सांगू मी, साहेब, ही होळी आहे, अंगावरचं वाईट जातं म्हणे?

ठमी : हेच सांगायचं व्हतं.

नागोराव : तोंड आहे म्हणून बोलायलीस. तिथं उभं राहून बघ.

ठमी : भुंकला कोन?

नागोराव : मागून आवाज आला. कुणाचं नाव घेऊ?

ठमी : बरं. मोबाइलवर कोनी घेतलं ते तर म्हाईत हाय? ग्रुपवर कोनी टाकलं ते म्हाईत हाय? जितेशचा गेटपास काढला का? त्याच्याकडून असा कागद लिहून घेतला का, का मी अशिक्षित हाय, मला सभ्य मोबाइलचं ज्ञान नाय?

नागोराव : तो कंपनीच्या पगारपत्रकावर आहे. त्याचा मामा ऑफिसात आहे. त्याच्यावर मी काय करू शकतो?

ठमी : हां. आणि जिवलीचा बाप ठेक्याचा.

नागोराव : शिवी कुणी दिली? जितेशनं दिली का?

रखमाबाई : एक सांगू का? रागावू नका. तुमची आई तुम्हाला काय हाक मारायची?

नागोराव : आता आईला कुठं मध्ये आणतेस?

रखमाबाई : मुडद्या म्हणायची. ये रे मुडद्या, खाऊन घे. मुडद्या, पोरगी बघायला जायचंय, दाढी कर. मी नवी नवरी, पहिल्या दिवशी ऐकलं आणि अंगावर काटा आला. जित्या लेकाला मुडदा म्हणते ही कसली सासू. आणि तुम्ही ज्या साली तिला न विचारता बैल विकले, त्या साली ती काय म्हणाली ठाऊक आहे ना? ‘नागोराव, आपण जेवून घ्यावं.’ एवढंच म्हणाली. अहो, तुम्ही गोठ्यात जाऊन रडलात. मी कंदील घेऊन आले होते मागं.

नागोराव : ती आई होती.

रखमाबाई : म्हणूनच म्हणायले. तुम्हाला चांगलं कळतं, कुठल्या शब्दात माया असते आणि कुठल्यात न्हाई. आज कळत न्हाई असं सोंग कामून करायलात?

नागोराव : माया असेल त्याच्या मनात. असेल. मी कुठं न्हाई म्हणालो? पण जगानं त्याचं मन न्हाई ऐकलं, शब्द ऐकला. जगात माझी इज्जत गेली ती शब्दानं गेली. मनात काय होतं ते मी कुणाकुणाला सांगत हिंडू?

ठमी : झालं? बोलून झालं तुमचं?

नागोराव : झालं.

ठमी : आता मी दुसरा कागद काढते. हा मनोरहून आनलाय. तिथं आमच्या संघटनेचे एकनाथदादा बसतात, त्यांनी लिहिला. यात शिवी नाय, एकच शब्द हाय. जंगली.

नागोराव : म्हणजे?

ठमी : म्हणजे तुमी जिवलीच्या बापाला अकरा वरसं ज्या नावानं हाक मारता ते. जंगली, वॉल्व्ह बंद कर. जंगली, चाय आन. ए जंगली, तुजी सुट्टी मंजूर. आमी आदिवासी, तुमी सुपरवायझर, आणि दीडशे मानसांच्या पुढं. एकनाथदादा म्हणाले, पोलिसांत देऊ, यावर कायदा हाय.

नागोराव : ठमे, तुझं डोकं फिरलं का? अॅट्रॉसिटी लावतेस माझ्यावर? मी त्याला प्रेमानं म्हणतो गं. रखमे, तू सांग, मी कधी वाईट मनानं म्हणालो का त्याला? अगं तिथं सेंट्रीफ्यूज मशीनचा आवाज असतो, तोंडाला मास्क असतो, नावानं हाक मारली तर ऐकू येत न्हाई. प्लांटमध्ये प्रत्येकाला असं एक हाकेचं नाव असतं. यूपी, बंगाली, मला अजून मोठे लोक नांदेड म्हणतात. ए नांदेड, इकडं ये. मी कधी तक्रार केली?

ठमी : नांदेड गावाचं नाव हाय, साहेब. जंगली कुठलं गाव हाय?

नागोराव : अगं पण

ठमी : त्याला उमरोळी म्हणायचं व्हतं. उमरोळीला स्टेशन हाय, नाव सगळ्यांना ऐकू आलं असतं. तुमाला गावाचं नाव मिळालं आणि आमाला जनावराचं. आणि तो हसतो म्हणून तुमाला वाटलं गोड लागतंय. पयल्या दिवशी घरी येऊन हसतच सांगितलं मला, आज साहेबानं माझं नाव ठेवलं. काय ठेवलं म्हटलं. तर सांगितलं, हसला, आणि भाकर तशीच ठेवून अंगनात जाऊन बसला. मंग सवय झाली. चप्पल चावते चावते आणि मंग घट्टा पडतो, तशी.

नागोराव : मला एकदा तरी सांगायचं त्यानं.

ठमी : गेटपास तुमच्या खिशात. कसा सांगल?

रखमाबाई : स्वरा बी म्हणते.

नागोराव : स्वराचं काय?

रखमाबाई : आपली नात. पाच वर्षांची पोर. संक्रांतीला जिव्या करवंटीचं खेळणं घेऊन आला होता तिच्यासाठी. ती पळत गेली दाराशी. म्हणाली, जंगली काका आले. तुम्ही हसलात. मी बी हसले, खोटं कशाला बोलू. त्या लेकराला वाटतं, त्याचं नावच ते आहे.

ठमी : जिवली व्हती बापाबरोबर त्या दिवशी. मी तिला विचारलं, काय झालं गं, आल्यापासून गप का? म्हणाली, आई, ती छोटी किती गोड बोलते. मला जंगली ताई म्हणाली. मावशी, मी त्या पोरीवर रागवू कशी? तिनं काका म्हटलं, ताई म्हटलं, मान दिला. तिच्या मनात काय घाण नाय. आणि माज्या पोरीनं दुसऱ्या दिवशी शाळेत जायला नाय म्हटलं. सांगा मला, साहेब. पोराचं मन निर्मळ असलं, तर शब्द गोड झाला का? तुमी आत्ता तर म्हणाला, जग मन ऐकत नाय.

रखमाबाई : आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुमच्या बाबतीत शब्द मोजायचा, त्याच्या बाबतीत मन बघा म्हणायचं.

नागोराव : तू माझ्या बाजूनं आहेस का तिच्या?

रखमाबाई : मी माझ्या घरात आहे. आणि माझ्या घरात ही बाई अजून पाणी प्यालेली न्हाई.

नागोराव : ठमे, खरं सांग. जिव्यानं सही केली त्या मनोरच्या कागदावर?

ठमी : तेच तर माझं जळतंय. दोन कागद हायत माज्या हातात. तुमच्या कागदावर तो सही करायला निगाला, तर मी करू देत नाय. एकनाथदादांच्या कागदावर मी म्हणते कर, तर तो करत नाय. चार दिवस त्याच्याशी भांडले. एकच बोलतो, भाऊ मनापासून नाय म्हणत मला. भाऊचं मन तसं नाय. अकरा वरसं कानाला शब्द बोचला, तरी त्यानं तुमचं मन बगितलं. आणि तुमी? एक होळी नाय धीर धरला. एकदा घरी बोलावून विचारलं नाय, जिव्या, तुज्या मनात काय व्हतं.

नागोराव : कँटीनमध्ये भुंकलं ना कुणी, त्याचा राग होता मला.

ठमी : कँटीनमध्ये कोनी भुंकलं तर त्याचा राग मला कळतो. मला नाय कळनार तर कोनाला कळल? पण भुंकनारा मोठा, मोबाइलवाला मोठा, केबिनमधला साहेब त्याच्यापेक्षा मोठा. तुमी खाली बगितलं. खाली जिवलीचा बाप दिसला. तुमाला वाटलं, हा सहज मोडल.

रखमाबाई : बोला की आता.

नागोराव : काय बोलू? त्या दिवशी केबिनमधून बाहेर आलो. आणि पहिला माणूस जो समोर आला तो जिव्या. ड्रम ढकलत होता. मला बघून हसला. म्हणाला, भाऊ, होळी उतरली का? मला वाटलं हा बी मलाच हसायला. सरळ ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो.

ठमी : तो काय म्हणून हसला असल, तुमाला वाटतं?

नागोराव : कळतंय आता.

रखमाबाई : कळतंय तर फोन लावा. आत्ता लावा, आमच्या दोघींच्या समोर. उद्या गेटवर जाल, तिथं चार माणसं भेटतील आणि तुमचं मन पुन्हा पलटेल. मी ओळखते तुम्हाला.

नागोराव : सुट्टीच्या दिवशी शेठ जेवणाला बसले असतील.

रखमाबाई : हिच्या घरी पाच दिवस कुणी धड जेवलं न्हाई.

नागोराव : लावतो.

(ठेकेदार कुंदनशेठला फोन लावतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

नागोराव : हॅलो, शेठ, नागोराव बोलायलो. जेवण झालं का? ... हां, हां. ते जिव्याचं प्रकरण. ... न्हाई, सही न्हाई केली त्यानं. सही नकोच आहे शेठ, मी तक्रार मागं घ्यायलो. ... मागं, मागं. ... अहो कुणाचा दबाव न्हाई. ... मोठ्या साहेबांचं मी बघतो, त्यांना मी सांगतो उद्या. ... न्हाई, दुसरा माणूस नका बघू. तो कामाला वाघ आहे, तुम्हाला माहीत आहे. ... हो, बोलला तर बोलला. शेठ, जंगली माणूस आहे, त्याला काय कळतंय, कुठं काय बोलावं. ... हां ना, हाहा, तेच म्हणतो मी. ... मनावर घेण्यासारखं न्हाई. ... बरं, बरं. उद्या सातच्या पाळीला पाठवतो. गेटवर सांगून ठेवा. ... ठेवतो.

रखमाबाई : अहो.

नागोराव : झालं काम. गेटपास उद्या सकाळी सिक्युरिटीकडं मिळेल. माफीनामा नको, काय नको. फाडून टाक ठमे तो कागद. असं तोंड कामून केलंय दोघींनी? मिटलं की.

रखमाबाई : फोनवर आत्ता काय म्हणालात तुम्ही?

नागोराव : तक्रार मागं घेतो म्हणालो. ऐकलं न्हाई का?

रखमाबाई : वाघ म्हणालात. त्याच्या पुढं?

नागोराव : त्याच्या पुढं... ते होय. अगं, ते शेठला पटावं म्हणून. त्याच्यापुढं काय होळीची पुराणं सांगत बसू? तो गडगंज माणूस, त्याला वेळ कुठं आहे. एका शब्दात समजलं त्याला, हसला आणि हो म्हणाला. माझ्या मनात काय न्हाई, ठमे. तुझी शपथ घेऊन सांगतो, मनात काय सुद्धा न्हाई.

ठमी : म्हाईत हाय. मनात असतं तर जपून बोलला असता.

नागोराव : चुकलं. जीभ आहे, सवयीनं गेली. तू बस. रखमे, चहा टाक. जरा शांत हो ठमे, काम झालं ना तुझं?

ठमी : झालं. उद्या सातला येल तो. जिवलीची शाळा ऱ्हायली. त्याच्यासाठी आले व्हते, ते झालं.

नागोराव : आणि तो मनोरचा कागद?

ठमी : तो माज्याजवळच ऱ्हाल. घरी जाऊन त्याला सगळं सांगनार, हे फोनवरचं बी सांगनार, जसंच्या तसं. मंग त्यानं ठरवावं, भाऊचं मन बगायचं का काय बगायचं. यापुढं मी त्याला कर नाय म्हणनार आणि नको बी नाय म्हणनार.

रखमाबाई : ठमे, एवढं पाणी तरी पिऊन जा. माझ्यासाठी.

ठमी : तुमच्यासाठी पिते, मावशी. द्या.

नागोराव : ठमे, ऐक. पुढल्या होळीला मी येतो. जितेशला आणणार न्हाई, कुणालाच आणणार न्हाई. एकटा येतो. जिव्याला सांग, माझ्या नावानं काय बोंबलायचं ते बोंबल. ह्याच्या दुप्पट शिव्या दे म्हणावं. मी बसून ऐकेन.

ठमी : या ना. होळीला आलेल्या मानसाला आमी नाय कसं म्हणू? कोंबडा कापू, पानगी करू. बसायला खुर्ची आनू कारभाऱ्याच्या घरातून.

नागोराव : खुर्ची कशाला? मागल्या वेळेला जमिनीवर बसलो की. आणि बोंब?

ठमी : पावण्याच्या नावानं बोंब नाय मारत आमी, साहेब.